कुरणांच्या परिस्थितिकीत प्राध्यापक व्हायचे असल्यास एम.एस्सी. कोणत्या विषयात करावी?

वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयात करावी; पश्चिम अमेरिकेतील काही विद्यापीठांत या विषयाची स्वतंत्र पदवी मिळते, आपल्याकडे मात्र नेमणूक मूळ विषयाच्या विभागातच होते आणि कुरणांचा अभ्यास पीएच.डी.तूनच उभा करावा लागतो. या विषयाच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना आलेल्या अनुभवावरून माझा कल वनस्पतिशास्त्राकडे आहे, कारण एक मीटरच्या चौकटीतील गवत कापून, वाळवून, जातीनुसार तोलण्याचे काम कोणीही शिकतो, पण तुरा येण्यापूर्वी केवळ पानांवरून पवना, मारवेल आणि कुसळी ही गवते वेगळी ओळखणे वर्गीकरणाच्या पक्क्या तयारीशिवाय जमत नाही. (धनगर मेंढपाळांना ते सहज जमते; त्यांच्याशी बोलण्याची सवय लावून घ्यावी.) सहायक प्राध्यापकपदासाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा लवकर उत्तीर्ण व्हावी. एक अपवाद लक्षात घ्यावा: 1962 साली स्थापन झालेल्या, झाशी येथील भारतीय कुरण व चारा संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ व्हायचे असल्यास भरती कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाच्या परीक्षेतून आणि विषयवार होते, त्यामुळे तेथे कृषिविद्येतील (अॅग्रोनॉमी) पदव्युत्तर पदवी अधिक उपयोगी ठरते.