गुडघ्यात साखरेचे पाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच उपचाराविषयी आहेत. दुखऱ्या सांध्यात किंवा त्याच्या आजूबाजूला ग्लुकोजचे तीव्र द्रावण टोचायचे, त्यामुळे ऊती नव्याने भरून येतात, असा हा उपचार. त्याला प्रोलोथेरपी म्हणतात, आणि हल्ली ‘रिजनरेटिव्ह’ या भारदस्त विशेषणाखाली तो इतर काही इंजेक्शनांसोबत सुचवला जातो. त्यातील पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून उजवा गुडघा दुखतो, जिना उतरताना कळ येते आणि मांडी घालून बसणे मी सोडूनच दिले आहे. एक्स-रे पाहून ‘गॅप कमी झाली आहे’ असे सांगण्यात आले. एका दवाखान्याने डेक्स्ट्रोजची इंजेक्शने तीन-चार वेळा घ्यायला सुचवले आहे. त्यामुळे झिजलेली गादी पुन्हा तयार होते, असे त्यांच्या माहितीपत्रकात छापलेले आहे. हे खरे मानावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : माहितीपत्रकातील गादीचे वाक्य बाजूला ठेवले, तर उरलेला उपचार विचार करण्याजोगा आहे.

डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. रक्तातील साखर एकदम उतरलेल्या मधुमेही रुग्णाला शिरेतून जे २५ टक्क्यांचे द्रावण देतात, तेच येथेही वापरले जाते आणि ते अत्यंत स्वस्त असते. अस्थिबंध (हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा) किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जेथे हाडाला चिकटते त्या जागी, तसेच सांध्याच्या पोकळीत, सामान्यतः १२.५ ते २५ टक्के तीव्रतेचे द्रावण टोचतात. इतकी तीव्र साखर भोवतालच्या पेशींतील पाणी ओढून घेते, त्या पेशी चिडतात, आणि लहानशी इजा झाली असे समजून शरीर दुरुस्तीची यंत्रणा तिकडे धाडते. ओहायोतील शल्यचिकित्सक जॉर्ज हॅकेट यांनी १९५६ मध्ये आपल्या पुस्तकातून ‘प्रोलोथेरपी’ हा शब्द रूढ केला, तो ‘प्रोलिफरेशन’ म्हणजे पेशींची वाढ या शब्दावरून. सैल पडलेल्या अस्थिबंधामुळे सांधा डळमळतो आणि दुखतो, तेव्हा तो अस्थिबंध भरीव केला की दुखणे थांबेल, असा त्यांचा विचार होता. बाजेच्या सैल सुंभाला पुन्हा ताण द्यावा, तसे हे आहे, असे आम्ही डॉक्टर रुग्णांना सांगतो. उपमा सोयीची आहे, पण थोडी फसवीही आहे, कारण माणसाच्या गुडघ्यात सुंभ खरोखर किती ताणले जाते हे कोणी नीट मोजून दाखवलेले नाही. आराम पडतो तो वेदनेच्या मज्जातंतूंवर होणाऱ्या परिणामामुळेही असू शकेल.

आता पुरावा पाहू. गुडघ्याबाबतची सर्वांत परिचित चाचणी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघ्याची झीज असलेल्या ९० जणांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट करण्यात आले : एकाला डेक्स्ट्रोजची इंजेक्शने, दुसऱ्याला तशीच मिठाच्या पाण्याची इंजेक्शने, आणि तिसऱ्याला घरी करायचे व्यायाम. पहिली तीन इंजेक्शने चार-चार आठवड्यांच्या अंतराने होती, पुढची दोन गरज वाटल्यास. वेदना, ताठरपणा आणि हालचाल मिळून १०० गुणांची जी मोजपट्टी असते, तिच्यावर वर्षअखेरीस डेक्स्ट्रोजच्या गटात १५.३, मिठाच्या पाण्याच्या गटात ७.६ आणि व्यायामाच्या गटात ८.२ गुणांची सुधारणा दिसली. याचा अर्थ सुधारणा खरी होती आणि ती वर्षभर टिकली. परंतु त्यातील जवळपास निम्मी सुधारणा नुसते मिठाचे पाणी टोचूनही झाली होती, हेही त्याच आकड्यांतून दिसते. शिवाय त्या रुग्णांपैकी काही जणांच्या एमआरआयची तुलना केली असता, कूर्चेची म्हणजे आपण जिला गादी म्हणता तिची घट डेक्स्ट्रोज घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत सारखीच आढळली. गादी पुन्हा तयार होते हे विधान करायला आज आधार नाही, आणि ते छापणाऱ्याने हे माहीत असूनही छापले असेल, तर बाकीच्या आश्वासनांकडेही तुम्ही जरा सावधपणेच पाहावे.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी प्रोलोथेरपी सशर्तपणे नाकारली आहे, तर व्यायाम आणि वजन कमी करणे यांची जोरदार शिफारस केली आहे. माझे मत त्याहून किंचित मवाळ आहे. तीन महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम खरोखर नियमाने करून आणि वजन जास्त असल्यास ते उतरवूनही दुखणे राहिले, शस्त्रक्रिया करण्याइतकी झीज झालेली नसली, आणि खर्च झेपणारा असला, तर हा उपचार करून पाहण्यास माझा विरोध नाही. मात्र ‘खरोखर नियमाने’ या दोन शब्दांपाशीच आमच्याकडील बहुतेक रुग्ण थांबतात. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर पडणारा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे मोजून दाखवलेले आहे. म्हणजे पाच किलो उतरले, तर पावलागणिक वीस किलो. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश, तीनपर्यंत आकडे मोजत पुन्हा बसणे, हे दहा वेळा, दिवसातून दोनदा, एवढ्यापासून व्यायामाची सुरुवात करावी.

जाता जाता : तो एक्स-रे उभे राहून काढला होता की झोपून, हे पाहा. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यावर भार नसल्यामुळे ‘गॅप’ची कल्पना नीट येत नाही.

प्रश्न : मी खानावळ चालवते. रोज सकाळी शंभराच्या आसपास भाकऱ्या थापते, भांडी-कपडेही असतातच. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला वर्षभर दुखते, पिळे पिळताना जीव जातो. स्टिरॉइडचे इंजेक्शन दोनदा घेतले. प्रत्येक वेळी महिनाभर एकदम मोकळे वाटले आणि नंतर पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागले. तिसरे घ्यावे की साखरेचे घ्यावे? वय ४४. (एक वाचक, लातूर)

उत्तर : ताई, तिसरे स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये, हे मी अगदी स्पष्टपणे सांगतो. तुमच्याबाबतीत जे घडले तेच ऑस्ट्रेलियातील १६५ रुग्णांच्या एका चाचणीत घडले, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या काही आठवड्यांत स्टिरॉइड घेतलेले रुग्ण पुढे होते, पण वर्षभराच्या काळात त्यांच्यापैकी ५४ टक्के जणांचे दुखणे उलटले, तर खोटे, म्हणजे औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांपैकी केवळ १२ टक्के जणांचे. या दुखण्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, मात्र आमच्याकडे ते घेऊन येणाऱ्यांपैकी टेनिस खेळलेले रुग्ण मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. कंडरेत सूज फारशी नसते. तिचे तंतू झिजलेले आणि विस्कटलेले असतात, म्हणून सूज उतरवणारे औषध तात्पुरता आराम देऊन निघून जाते आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

साखरेच्या इंजेक्शनांनी टेनिस एल्बोत फायदा झाल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. त्या चाचण्या लहान आहेत, तरी आठवड्यांऐवजी महिन्यांनी मोजावा असा आराम त्यांत आढळला, म्हणून हा पर्याय तुमच्यासाठी अवाजवी नाही. तत्पूर्वी, आणि इंजेक्शन घेतले तर त्यानंतरही, पुढील व्यायाम करावा. टेबलावर हात असा ठेवावा की मनगट कडेबाहेर येईल आणि तळवा जमिनीकडे राहील. त्या हातात अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली धरावी, दुसऱ्या हाताने ती वर उचलून द्यावी आणि दुखऱ्या हाताने अतिशय सावकाश खाली न्यावी. खाली नेतानाचा ताण हाच येथे औषध आहे. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. थोडे दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरत नसेल, तर बाटलीतील पाणी कमी करावे.

कपडे हाताने पिळणे तीन महिने पूर्ण बंद ठेवावे. भाकरी थापण्यापेक्षा पीठ मळताना मनगटावर जास्त जोर पडतो, म्हणून ते काम मदतनिसाकडे देता आले तर पाहावे. भाकऱ्या बंद करा असे मी सांगणार नाही. खानावळ कशी चालते हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : माझ्या आईला १४ वर्षांपासून मधुमेह आहे. गुडघ्यात साखर टोचल्यास तिची रक्तशर्करा वाढणार नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वर उल्लेखिलेल्या विस्कॉन्सिनच्या चाचणीत एका वेळी जेवढे डेक्स्ट्रोज दिले जात असे, त्यातील साखर जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे चहाचा एक चमचा. तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही. काळजी वेगळ्या गोष्टीची करावी. मधुमेह आटोक्यात नसेल तर सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि सांध्यातील संसर्ग ही तातडीची बाब असते. तीन महिन्यांची सरासरी साखर डॉक्टरांना दाखवून मगच तारीख ठरवावी. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस गुडघा भरल्यासारखा, ताठ आणि ठणकणारा राहतो, हे अपेक्षित आहे. परंतु ताप आला, किंवा गुडघा लालसर आणि गरम होऊन दुखणे वाढतच गेले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, ‘उद्या बघू’ म्हणू नये.

हा उपचार मुद्दाम थोडी सूज आणून करायचा असल्यामुळे त्या काळात डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या सूजविरोधी गोळ्या टाळून पॅरासिटामॉल घेण्यास सांगितले जाते. मात्र आई हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असेल, तर ती स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नये.

प्रश्न : मी एस.टी.त चालक आहे, वय ४९. कंबरदुखी सहा वर्षांची. कण्याच्या दोन्ही बाजूंना एका बैठकीत दहा-बारा ठिकाणी ग्लुकोज टोचून कंबर ‘बांधून’ देतो, असे एका डॉक्टरांनी सांगितले. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कंबरेबाबत मी गुडघ्याइतका उदार नाही. ऑस्ट्रेलियातच ११० जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील काहींना २० टक्के ग्लुकोज आणि काहींना मिठाचे पाणी टोचले गेले. वर्षानंतर वेदना निम्म्याहून कमी झालेले रुग्ण ग्लुकोजच्या गटात ४६ टक्के होते आणि मिठाच्या पाण्याच्या गटात ३६ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ग्राह्य धरण्याएवढा नव्हता. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये घेतला गेला, तेव्हाही नुसती ही इंजेक्शने जुनाट कंबरदुखीत उपयोगी पडत नाहीत असाच निष्कर्ष निघाला. त्यातच कण्याजवळ सुई थोडी जरी भलतीकडे गेली तरी मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत इजा होऊ शकते.

तुमच्या पत्रात पायात मुंग्या किंवा अशक्तपणा असल्याचा उल्लेख नाही. तसे असेल, किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता येत असेल, तर या सदराच्या उत्तरासाठी थांबण्याची वेळच नाही. ते नसेल, तर प्रथम सीट अशी बसवून घ्यावी की क्लच पूर्ण दाबताना कंबर पुढे सरकणार नाही, आणि प्रत्येक थांब्यावर, चहा उभ्यानेच प्यावा लागला तरी चालेल, पाच मिनिटे चालावे. व्यायामाची नीट आखणी करून घेण्यासाठी जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचार विभाग किंवा मुंबईत हाजी अली येथील केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था, यांपैकी जे सोयीचे पडेल तेथे दाखवावे.

प्रश्न : साखरेऐवजी स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट किंवा पोटाच्या चरबीतील स्टेम सेल घालणे अधिक चांगले, असे सांगून मला लाखाच्या घरातील खर्च सांगण्यात आला आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : किंमत जास्त म्हणून पुरावा जास्त, असे येथे नाही. प्लेटलेटच्या उपचारात तुमचेच थोडे रक्त काढून ते यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेटनी दाट झालेला पिवळसर थर सांध्यात टोचतात. गुडघ्याच्या सौम्य ते मध्यम झिजेसाठी २८८ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा महिन्यांनी हे इंजेक्शन आणि मिठाचे पाणी यांच्यात वेदनेचा किंवा कूर्चेच्या घनफळाचा लक्षणीय फरक आढळला नाही. अनुकूल निष्कर्ष देणाऱ्या चाचण्याही आहेत. परंतु प्रत्येक ठिकाणी द्रावण तयार करण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे एका जागचा निष्कर्ष दुसऱ्या जागी लावणे अवघड जाते.

स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. त्यांच्याबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये सविस्तर नियमावली केली आहे. रक्ताच्या काही आजारांसाठी केले जाणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. ज्या वापराला मान्यता नाही तो फक्त नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीतच होऊ शकतो, आणि चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. दात्याच्या पेशींपासून कारखान्यात तयार केलेल्या एका उत्पादनाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी देशात परवानगी मिळाली आहे, हे खरे. पण दवाखान्यातच तुमची चरबी काढून, तिच्यावर प्रक्रिया करून ती गुडघ्यात घालणे म्हणजे ते उत्पादन नव्हे. तेव्हा त्या दवाखान्याला दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात : हे परवानगी असलेले उत्पादन आहे का, आणि नसल्यास चाचणीचा नोंदणी क्रमांक काय. देशातील चाचण्यांची नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. क्रमांक मिळाला तर तो तेथे शोधून पाहावा, आणि मिळाला नाही तर आगाऊ रक्कम भरू नये.