वजनकाट्यावर नाण्यातली चूक कळते का?

तुम्ही विचारलंय, पाच रुपयांचं एक नाणं ६ ग्रॅम भरलं आणि जुनं जाडजूड नाणं ९ ग्रॅम, तर हलकं नाणं म्हणजे मिंट एरर, म्हणजे टाकसाळीतली चूक का?

नाही हो. आधी सन बघा. तांबं-निकेलचं जुनं पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचंच होतं. २००७ च्या सुमारास स्टीलचं आलं, मग पिवळं. ती दोन्ही ६ ग्रॅमची (२०१९ पासूनचं नवं पिवळं सोडून). व्यास मात्र तिन्हींचा २३ मिलिमीटर, म्हणून फसायला होतं. पांढरं असेल तर चुंबक लावा, स्टीलचं चिकटतं.

काटा उपयोगी पडतो तो चकतीतली, म्हणजे ज्या कोऱ्या धातूच्या तुकड्यावर छाप पडतो त्यातली चूक शोधायला. एका नाण्याचा छाप दुसऱ्याच नाण्याच्या चकतीवर उमटला, चकती पातळ निघाली किंवा कडेला कापली गेली, तर वजनात फरक दिसतो. छाप सरकला, फिरला, दोनदा पडला, ठशाला तडा गेला, तर वजन जिथल्या तिथे. दहाच्या नाण्यातला मधला गोल सरकला तरी ते नेहमीच्याच वजनाचं भरणार. तिथे डोळे आणि भिंग.

आणि वजन कमी भरलं म्हणून हुरळून जाऊ नका. मी हुरळलो होतो. १९९० च्या दशकातला स्टीलचा एक रुपया, कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेला, चारशे मोजून घेतला. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे गेलो, त्याच्या काट्यावर ४.८५ ऐवजी ४.३ भरला. मी खूश! त्याने भिंग लावलं, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "कानस मारलीय की हो ह्याला." बारीक समांतर ओरखडे होते. कापलेल्या चकतीवर टाकसाळीत छाप पडतो तेव्हा त्या जागेच्या बरोबर समोरची किनारही बऱ्याचदा दबकी, पुसट राहते. माझ्या नाण्याची समोरची किनार ठसठशीत होती. चारशे गेले ते गेलेच, वर सराफाने चहाही मलाच पाजायला लावला.

काटा घेणारच असाल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्या, स्वयंपाकघरातला नको. आधी त्याच प्रकारची, शक्यतो त्याच सनाची पाच-सहा चांगली नाणी तोलून बघा. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतंच, आणि नव्या नाण्यांतही किंचित फरक टाकसाळीला चालतो. तुमच्या पाच रुपयांच्या दोन्ही बाजूंचा फोटो टाका, सन दिसेल असा.