कंसातलं वाक्य

*मावशी, आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत बावीस वर्षांची. गेल्या महिन्यात खालच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, आमच्या बेडरूमच्या बाथरूमखाली त्यांचं छत ओलं झालंय, प्लॅस्टर सुटलंय म्हणून. पाठोपाठ सेक्रेटरींचं पत्र. आम्ही तीन एस्टिमेट घेतली. नेहमीचा प्लंबर म्हणतो, टाइल्सचे सांधे भरून देतो, १४,०००. वॉचमनच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, बाथरूम फोडावं लागेल, ६८,०००. वॉटरप्रूफिंग कंपनीचा माणूस १,८५,००० सांगून गेला, जीएसटी वेगळा, दहा वर्षांची गॅरंटी. तिघांनीही बाथरूम नीट पाहिलं. (खालच्यांकडे कोणाला नेलं नाही. गणपतीच्या वर्गणीवरून झालं तेव्हापासून बोलणं बंद आहे.) मुलाच्या क्लासची फी भरायचीय. हे म्हणतात स्वस्तातलं करू, दीर म्हणतात मधलं. खरं कोण बोलतंय? नाव छापू नका.*

नाव नाही छापत. पण तुझ्या पत्रातलं बाकी सगळं मी बाजूला ठेवलंय आणि तो कंस घेऊन बसलेय.

अगं, गळतंय खाली आणि तू तिघांना दाखवलंस वर! आजारी माणूस एका घरात, डॉक्टर दुसऱ्या घरात, आणि तू विचारतेस कोणाचं औषध खरं. तिघंही आपापल्या परीने खरंच बोलतायत. प्लंबरला सांधे भरता येतात, म्हणून त्याला सांधे दिसले. फोडणाऱ्याला फोडणं दिसलं. आणि कंपनीच्या माणसाला महिन्याचं टार्गेट दिसलं असेल. दुखणं कोणीच पाहिलेलं नाही, तूसुद्धा नाही. तू एक फोटो पाहिलायस.

बाथरूमची फरशी वरून कितीही न्याहाळली तरी ती काही सांगत नाही. बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट, म्हणजे आपला कोबा, आणि त्यावर टाइल्स. पाणी शिरतं एका कोपऱ्यात, हिंडतं त्या विटांतून आणि टपकतं तिसरीकडेच.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. खालच्या काकूंकडे गळायला लागलं, आम्ही शहाण्यासारखं बाथरूम फोडलं. नवी फरशी, नवा नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं, आठ दिवस शेजारी आंघोळी. खालचा थेंब तसाच. शेवटी एक म्हातारा प्लंबर आला. त्याने आमच्या घरात पाऊलही टाकलं नाही. सरळ खाली गेला, स्टुलावर चढला, माळ्यावर टॉर्च मारला. तिथे काकूंनी पितळी घंगाळ ठेवलं होतं, त्यात टप्‌, टप्‌. त्याने एवढंच विचारलं, "कधी पडतं?" काकू म्हणाल्या, "वरची भांडीवाली येऊन गेली की." बाथरूमचा संबंधच नव्हता! ओट्याच्या सिंकचा पाइप भिंतीत सुटला होता. पाच महिने ती बाई घंगाळ रिकामं करत होती आणि आम्ही तिला एकदाही विचारलं नव्हतं. आमचं तर भांडणही नव्हतं.

तेव्हा आज संध्याकाळी खाली जायचं आणि बेल वाजवायची. यांना नेऊ नकोस, दिरांना तर मुळीच नको. वर्गणीत कोणाचं बरोबर होतं ते मला सांगू नकोस, मला त्यात रस नाही.

तिथे हाच एक प्रश्न विचार, कधी पडतं? तुमच्या आंघोळी झाल्यावर पडत असेल तर ट्रॅप, त्याचा पाइप नाही तर फरशी. रात्रंदिवस एकसारखं पडत असेल तर नळाच्या लाइनवर संशय घे. आणि पावसातच जास्त वाढलं असेल, तर दुखणं कदाचित तुमचं नाहीच. बाहेरची भिंत आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीच्या खर्चाने होते. तुमच्या बाथरूमच्या आतलं तेवढं तुमचं.

मग ते बाथरूम दोन दिवस वापरू नका, नळाचा कॉक मात्र चालू ठेवा. कोबा पाणी धरून ठेवतो, म्हणून दोन दिवस. तरी खाली थेंब त्याच जोरात पडत राहिला तर पाण्याचीच लाइन. तेवढीच भिंत उघडायची. थेंब मंदावला तर एक बादली पाण्यात कपड्यांची नीळ कालवून थेट जाळीत ओत. खाली निळं उतरलं तर ट्रॅप किंवा त्याचा जोड गेलाय. नाही उतरलं तर जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर दोन इंच पाणी साठव आणि चोवीस तास तसंच राहू दे. आता खाली ओल वाढली तर फरशी फोडायला माझी हरकत नाही. पण हे सगळं खाली उभं राहून बघावं लागतं, म्हणजे त्यांच्या घरात दोन-चार दिवस तुझी ये-जा होणार.

त्यानंतर तिघांना पुन्हा बोलाव, आधी खाली ने, मग वर. काम तू लिहून द्यायचं आणि तिघांनी त्याच कामाचा भाव द्यायचा: काय फोडणार, कुठला पाइप, डेब्रिज कोण उचलणार, फरशी बसवायच्या आधी पाणी भरून दाखवणार की नाही. दहा वर्षांची गॅरंटी नेमकी कशाची, हेही कागदावर. त्यात आणखी एक ओळ घाल, जी आत्ता तिन्ही कागदांत असणं शक्य नाही, कारण ते छत कोणी पाहिलेलंच नाही: खालच्या छताचं प्लॅस्टर आणि रंग. रंग मात्र लगेच नको. छत पुरतं वाळू दे, नाही तर महिन्यात पोपडे येतील.

आणि फार दिवस लावू नकोस. ओल सळईपर्यंत गेली की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे ढलपे पाडते. त्या छताखाली कोण झोपतं, तुला माहीत आहे का? पत्रात नव्हतं, म्हणून विचारते.

दारात जास्त बोलायची गरज नाही. "छत बघायला आलेय" एवढंच म्हण. त्यांनी वर्गणीचा विषय काढला तर काढू दे. तू स्टूल माग आणि वर बघ.