सही डायरेक्टरची, पगार नोकराचा

प्रश्न : मी गोरेगावला राहतो. साकीनाक्याच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत २००३ पासून आहे. डाय आणि फिक्स्चर बनवतो आम्ही. आधी टूलरूम सुपरवायझर होतो, मग प्रॉडक्शन मॅनेजर झालो. २०१७ मध्ये शेठनी मला डायरेक्टर केलं, १०० शेअर नावावर केले. काम तेच राहिलं. पगार ८५,००० आहे, पीएफ कापतात. गेले १४ महिने पगार नाही. मधल्या काळात माल सोडवायला बायकोची एफडी मोडून ४ लाख कंपनीत घातले. आता बँकेच्या अर्जावर कंपनी एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, दिवाळखोरीसाठी गेली आहे. बाकी सगळ्यांनी थकलेल्या पगाराचे फॉर्म भरले. मला मात्र रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या (दिवाळखोरीत कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाच्या) ऑफिसातला मुलगा म्हणाला, "तुम्ही डायरेक्टर, तुम्ही कर्मचारी नाही." मग मी कोण? आणि राजीनामा देऊन मोकळा होऊ का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला पेढे आठवले. कंपनी सेक्रेटरी म्हणून मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका कारखान्याच्या वर्क्स मॅनेजरला मालकांनी डायरेक्टर केलं, सगळ्यांना पेढे वाटले. ठराव मीच लिहिला, एका ओळीचा : अमुक यांची संचालक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. नोकरी पुढे चालू, पगार पूर्वीप्रमाणे, ही दुसरी ओळ लिहायची मला सुचली नाही. काही वर्षांनी कंपनी गुंडाळली गेली, तेव्हा ते गृहस्थ ती दुसरी ओळ शोधत माझ्याकडे आले. माझ्याकडे ती नव्हती. तेव्हापासून या विषयावर मी जरा जास्त बोलते, सांभाळून घ्या.

त्या मुलाचं म्हणणं अर्धवट आहे. डायरेक्टर हे पद आहे आणि नोकरी हा करार. नुसतं पद असेल तर माणूस कर्मचारी नाही. तीन महिन्यांतून एकदा मीटिंगला येऊन सिटिंग फी घेणारा डायरेक्टर थकलेला पगार मागू शकत नाही. पण पद आणि करार एकाच माणसाकडे असायला कायद्याची ना नाही. कंपनी कायदा, २०१३ मधली होलटाइम डायरेक्टरची व्याख्याच कंपनीच्या पूर्णवेळ नोकरीत असलेल्या डायरेक्टरबद्दल बोलते. एपेक्स इंजिनिअरिंगच्या प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने पगारी मॅनेजिंग डायरेक्टरलासुद्धा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याखाली कर्मचारी मानलं होतं.

याहून गमतीचा खटला न्यूझीलंडचा आहे. शेतावर विमानातून खत फवारणारी एक कंपनी होती. तिच्या ३,००० शेअरपैकी २,९९९ एकाच माणसाचे. मालकही तोच, मुख्य वैमानिकही तोच. १९५६ मध्ये विमान कोसळून तो गेला. बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली, तेव्हा समोरचे म्हणाले, मालक स्वतःचाच नोकर कसा? प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल बाईंच्या बाजूने लागला : कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, ती त्याला नोकरीवर ठेवू शकते. तुमच्याकडे तर फक्त १०० शेअर आहेत.

आता मुद्दा पुराव्याचा. कंपनी बुडाल्यावर तुम्ही काय म्हणता याला फारशी किंमत नाही. ती चालू असताना कागद काय म्हणत होते ते बघतात. २००३ चं नेमणूकपत्र शोधा. पगारपत्रकात नाव आहे का, हजेरी आहे का, रजा कापली जायची का ते पाहा. माझ्या मते सगळ्यात बोलका कागद टीडीएसचा. फॉर्म १६ मिळत आला असेल तर कंपनीने १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ खाली, म्हणजे पगार समजून कर कापलाय. फॉर्म १६ए असेल आणि त्यावर १९४जे हे कलम लिहिलेलं असेल, तर कंपनीने स्वतःच तुमचे पैसे 'फी' ठरवलेत, आणि मग वाद कठीण. काही सीए सोय म्हणून डायरेक्टर झालेल्या माणसाचा पगार १९४जे मध्ये टाकून देतात. त्यांना या पापाची शिक्षा कधी मिळत नाही.

फॉर्म डी भरा. कर्मचाऱ्यांचा तोच. तोंडी नकारावर उठून येऊ नका, नकार लेखी मागा. रिझोल्यूशन प्रोफेशनल दावे तपासतो, तो न्यायाधीश नाही. त्याचं पटलं नाही तर कफ परेडला एनसीएलटीपुढे अर्ज करता येतो. जाहिरातीतली तारीख उलटली असली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवस किंवा कंपनी घेणाऱ्यांकडून प्लॅन मागवले जाण्याची तारीख, यातलं जे नंतरचं तोपर्यंत उशिराचे दावे घेतात; ९० दिवस उलटले असतील तर उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं.

दावा मान्य झाला म्हणजे पैसे मिळाले असं मात्र नाही. कंपनी कोणी विकत घेतली नाही आणि लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम ५३ रांग लावतं. प्रक्रियेचा खर्च सगळ्यात आधी. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि त्यांच्याच बरोबरीने तारणावरचा वेगळा हक्क सोडून रांगेत आलेल्या बँका. त्यानंतर बाकी कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार. प्रॉडक्शन मॅनेजर 'कामगार' होत नाही, म्हणून तुमची जागा या तिसऱ्या पायरीवर.

खरी मेख या १२ महिन्यांत आहे. ते मोजतात लिक्विडेशनच्या तारखेपासून मागे, एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला त्या तारखेपासून नाही. समजा प्रक्रिया दहा महिने चालली आणि मग लिक्विडेशनचा हुकूम झाला. तुमच्या थकलेल्या १४ महिन्यांपैकी फक्त शेवटचे दोन या खिडकीत येतात : १,७०,०००. उरलेले १२ महिने, म्हणजे १०,२०,०००, खाली 'बाकी सर्व देणी' मध्ये घसरतात. बऱ्याच लोकांना हे निकालाच्या दिवशी कळतं. प्रक्रियेच्या काळात तुम्हाला कामावर बोलावत असतील तर हजेरीची नोंद ठेवा, कामाचे ईमेल जपा. कंपनी चालू ठेवली असेल आणि तुम्ही खरंच काम केलं असेल, तर तो पगार प्रक्रियेच्या खर्चात, म्हणजे पहिल्या पायरीवर जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात हेच सांगितलं.

पीएफचा फंड या रांगेत येतच नाही, तो कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत. पण आज रात्रीच पासबुक तपासा. पगारातून कापलेला पीएफ भरलेलाच नसेल तर तुमची पंचाईत दुहेरी आहे. नोकर म्हणून तुमचे पैसे बुडालेत, आणि कारभार बघणारा डायरेक्टर म्हणून पीएफवाले तुम्हालाच जाब विचारू शकतात.

एफडीच्या ४ लाखांचा दावा वेगळा, फॉर्म सी वर. पैसे वहिनींच्या खात्यातून थेट कंपनीत गेले असतील तर दावा त्यांच्या नावाने करा. व्याज ठरलं नव्हतं म्हणून ते कर्ज नाही असं होत नाही. डायरेक्टर आणि त्याचे नातेवाईक 'संबंधित पक्ष' असल्यामुळे कर्जदात्यांच्या समितीत मत मिळणार नाही, एवढंच. विनातारण कर्ज रांगेत पगाराच्या लगेच खाली येतं, म्हणजे ते ४ लाख तुमच्या त्या घसरलेल्या १०,२०,००० च्या वर उभे आहेत. नवरा-बायकोत कोणाचे पैसे आधी, हा प्रश्न संहितेने असा सोडवला आहे.

तुम्ही लिहिलं नाहीत पण विचारते. गेल्या दोन वर्षांत शेठनी तुम्हाला एखादी मोठी थकबाकी एकदम दिली होती का? संबंधित पक्षाला दिलेले पैसे दोन वर्षं मागे जाऊन तपासता येतात. केवळ कर्मचारी असल्यामुळे कोणी संबंधित पक्ष ठरत असेल तर त्याला सूट आहे, पण तुम्ही डायरेक्टरही आहात. नेहमीचा महिन्याचा पगार हा रोजच्या व्यवहाराचा भाग, त्याची काळजी नको. दुसरं, बँकेच्या कागदांवर वैयक्तिक हमी म्हणून सही केली आहे का? केली असेल तर हा सगळा पगाराचा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा.

राजीनाम्याने जुनी जबाबदारी पुसली जात नाही. तुमच्या कारकिर्दीत झालेल्या गुन्ह्यांना राजीनाम्यानंतरही तुम्ही बांधील असता. आज बोर्डाचे अधिकार गोठले आहेत, त्यामुळे नवीन सह्या करायच्या नाहीतच. उलट, डायरेक्टर आहात म्हणून समितीच्या बैठकांची सूचना तुम्हाला मिळते आणि तिथे मत नसलं तरी बसता येतं. तुमच्या बरोबरच्या एकाही कर्मचाऱ्याला तिथे एकट्याने असं शिरता येत नाही. बसा, ऐका, वहीत लिहून घ्या. आणि पद सोडायचंच झालं तर पत्रात 'संचालकपदाचा राजीनामा' एवढेच शब्द ठेवा, 'कंपनीचा राजीनामा' लिहू नका.