अमरावतीत भाड्याच्या दोन खोल्यांत पांढरा उंदीर पाळायचा आहे. आपण त्यासाठी तयार आहोत की नाही, हे कसं ओळखायचं?

तुमची नोकरी दहा ते सहा, कुत्रा-मांजर झेपणार नाही, म्हणून 'एकच पांढरा उंदीर' आणायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यातला 'एकच' आधी खोडा. उंदराला सोबत लागते. माद्या असतील तर किमान दोन, तीन असल्या तर आणखी बरं. नरांचं उलटं असतं, वयात आले की ते एकमेकांची शेपटी तोडेपर्यंत भांडतात. म्हणून नर एकेकटा ठेवावा लागतो आणि त्याच्या मुताचा उग्र वास दोन खोल्यांत लपत नाही. म्हणजे तुमच्यासाठी दोन माद्या.

आता 'दोन माद्या' म्हणजे काय, ते माझ्याकडून ऐका. मी नागपुरात चार वर्षं उंदीर पाळले. पहिली जोडी घेताना दुकानदाराने दोघींना शेपटीला धरून उचललं, एक नजर टाकली आणि म्हणाला, "दोन्ही माद्याच." मी मान डोलावली. वीस-बावीस दिवसांनी सकाळी कागदाच्या घरट्यात वाटाण्याएवढी नऊ गुलाबी पिल्लं वळवळत होती. कौतुकात मी नराला तिथेच राहू दिलं. विताच मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या तीन आठवड्यांत आणखी सात आली. दोनाचे अठरा व्हायला दीड महिना पुरला. पिल्लं पाच-सहा आठवड्यांत वयात येतात, त्यामुळे चौथ्या आठवड्यातच नर वेगळे काढावे लागले. घरातला प्रत्येक मोठा डबा पिंजरा झाला, आईचा पापडांचासुद्धा. त्यावर आईने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मात्र "अरे वा, गणपतीचं वाहन!" म्हणायचा आणि एकही घेऊन जायचा नाही. एकाने आनंदाने सगळे मागितले, पण त्याला ते साप पोसायला हवे होते.

म्हणून दुकानात स्वतः पाहायला शिका. नराच्या मूत्रद्वार आणि गुदद्वारामधलं अंतर मादीच्या जवळपास दुप्पट असतं, आणि मोठ्या नराचे वृषण तर दिसतातच. एकाला पाहून कळत नाही, दोघांना शेजारी धरून बघा. शेपटीला लटकवून नाही, ओंजळीत घेऊन. आणि मादी दुकानातूनच गाभण येऊ शकते, हेही धरून चाला.

पण अमरावतीत माझी खरी भीती उन्हाळ्याची आहे. उंदराला घाम येत नाही. तीस अंशांच्या पुढे तो गळपटतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसची मजल जाते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, तुम्ही दहाला कुलूप लावून जाल, कूलर बंद, वर स्लॅब तापलेला. संध्याकाळी सहाला काय दिसेल ते सांगवत नाही. माझी एक मादी अशीच गेली. दुपारी चार तास वीज नव्हती, एवढंच निमित्त. नंतर मी पिंजरा जमिनीवर, सगळ्यात आतल्या भिंतीला लावला, आत फरशीचा गार तुकडा ठेवला आणि शेजारच्या काकूंना किल्ली दिली. कूलरचा झोत सरळ पिंजऱ्यावर सोडू नका, सर्दी त्यांच्या छातीत उतरते. तुमच्याकडे अशी किल्ली घेणारं कुणी आहे का? नसेल तर माझं उत्तर 'नाही' असं आहे, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पिंजऱ्याचं थोडक्यात. पक्ष्यांचा पिंजरा चालत नाही, बोटभर फटीतून उंदीर आरामात निघतो. मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, झाकण कापून हार्डवेअरच्या दुकानातली पाव इंची जाळी बसवा. खाली कागदाच्या पट्ट्या. सुताराकडचा भुसा नको, त्या धुळीने त्यांना शिंका लागतात. खाणं एकीला दिवसाला चमचाभर: ज्वारी, बाजरी, कधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. सूर्यफुलाच्या बिया त्यांना फार आवडतात आणि त्यांनीच ते फुगतात. आणखी एक, घरमालक उंदीर मारायचं औषध ठेवतो का ते विचारून घ्या. उंदराला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं विष बाहेर पडत नाही.

तयारी जोखायची माझी पद्धत सांगतो, हसू नका. महिनाभर रिकामा पिंजरा पाळा. रोज सकाळी पाणी बदला, ओले कागद काढा (ओले नसले तरी), दर रविवारी डबा धुवा. दुपारी बारा ते चार त्या कोपऱ्यात थर्मामीटर ठेवा. गावातल्या दोन-तीन जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून "तुम्ही उंदीर बघता का?" असं विचारा. मी विचारलं तेव्हा एकजण हसला, दुसऱ्याने 'नवीन आणा, स्वस्त पडेल' असं सुचवलं, तिसऱ्याने माझ्या म्हाताऱ्या मादीच्या पोटाखालची गाठ नीट हात लावून पाहिली. माद्यांना अशा गाठी बऱ्याचदा होतात. दम्याचं किंवा ॲलर्जीचं माणूस घरात असेल तर त्यांचाही विचार करा, उंदराच्या मुताने काहींना खरंच त्रास होतो.

आता त्या 'एकच'कडे परत येतो. उंदीर दीड-दोन वर्षं जगतो. दोघी एकाच दिवशी मरत नाहीत. एक गेली की दुसरी एकटी पडते, तिला सोबत म्हणून तुम्ही नवीन आणता, मग जुनी जाते आणि नवी एकटी उरते. माझी दोन वर्षांची हौस चार वर्षं चालली ती यामुळेच. शेवटी मी ठरवलं की आता आणायची नाही. उरलेली मादी तीन महिने एकटी होती. तेवढे दिवस मी रात्रीचं जेवण तिच्या डब्याशेजारी बसून केलं, आणि ती बाहीतून खांद्यावर येऊन बसायची. साखळी कुठे तोडायची हे तुम्ही आधीच ठरवलं असेल, तर आणा.

माझा मोठा डबा जाळीसकट माळ्यावर पडून आहे. नागपूरला येणं झालं तर घेऊन जा, पण जून लागल्यावर.