मोबाइल असताना इन्स्टंट कॅमेरा कशाला?

मोबाइलमध्ये हवे तेवढे फोटो फुकट निघत असताना एकेका फोटोला पन्नासेक रुपये मोजून लोक काढताक्षणी कागदावर फोटो देणारे इन्स्टंट कॅमेरे का घेतायत आणि हे खूळ किती दिवस चालणार, असा तुमचा प्रश्न. मी गोव्यातल्या म्हापशाचा. लग्न-मुंजी, बारशी, चवथ (म्हणजे गणेशचतुर्थी) यांचे फोटो काढणं हा माझा धंदा, त्यामुळे हे रोज बघतो.

जुन्या आठवणींची ओढ हे कारण मला पटत नाही. लग्नात हा कॅमेरा मागणारी पोरं विशीतली असतात, त्यांनी पोलरॉइड कंपनीचा जुना इन्स्टंट कॅमेरा घरात कधी पाहिलेलाही नसतो. खरं कारण साधं आहे. मोबाइलचा फोटो काढणाऱ्याकडे राहतो. ‘पाठव हं नक्की’ म्हणायचं आणि विसरायचं, हे आपण सगळेच करतो. इथे फोटो जागच्या जागी हातात देता येतो, आणि तो एकच असतो. मागे निगेटिव्ह नाही.

चवथीला डिचोलीत एका काकींचा माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळांच्या चौकटीखाली, फोटो काढला. वर तोरिंगणं, आंबाडे, सुपारीचे घोस, खाली काकी. कॅमेऱ्यातून आलेला पांढरा कागद त्यांनी पदराने धरला, हळूहळू त्यावर स्वतःचा चेहरा उमटताना बघितला आणि विचारलं, “हो म्हजोच न्ही रे?” (हा माझाच ना रे?) मोबाइलवर त्यांचे शंभर फोटो असतील, पण त्यातला एकही त्यांचा नाही. मग नातवंडांची त्याच फोटोवरून भांडणं, आणि माझी आणखी दोन फिल्म खर्ची पडली, ते वेगळं.

हा ‘आत्ताच बघू दे’चा हट्ट जुनाच आहे. १९४३ साली पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांच्या लहान मुलीने विचारलं, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? १९४८च्या नोव्हेंबरात त्यांचा कॅमेरा बॉस्टनच्या दुकानात विकायला आला. पुढे १९७२चा एसएक्स-७० हा पोलरॉइड कॅमेरा आला, त्यात फोटो आपोआप बाहेर येऊन उजेडातच उमटायचा. युक्ती खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत आहे. तिथे रसायनाची पुडी असते, बाहेर येताना दोन रूळ ती फोडतात आणि लगदा फोटोभर पसरवतात. म्हणून फोटो हलवून काही होत नाही, सगळं आत बंद असतं. तरी लोक हलवतातच.

पोलरॉइडने २००८ साली फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा काही वेड्या माणसांनी नेदरलँड्समधल्या एन्सखेडे इथल्या कारखान्यातली यंत्रं वाचवली. जुनी रसायनं मिळेनात, म्हणून कृती जवळपास नव्याने बसवली आणि २०१०मध्ये फिल्म बाजारात आणली. पण ‘पुनरागमन’ म्हणतात ती अर्धीच गोष्ट. फुजीफिल्म या जपानी कंपनीने १९९८ साली इन्स्टॅक्स हा स्वतःचा इन्स्टंट कॅमेरा काढला, तो कधी बंदच पडला नाही. आज पोरांच्या हातात दिसतो तो बहुतेक हाच.

घ्यावा का? चांगले फोटो हवे असतील तर नको, मोबाइल कितीतरी सरस. फ्लॅश सात-आठ फुटांपलीकडे पोचत नाही, रात्रीच्या मंडपात मागचं सगळं काळं होतं. कळंगुटच्या भर दुपारच्या वाळूवर चेहरे पांढरे फटक येतात, तिथे सकाळ किंवा साडेपाचनंतरची वेळ धरा. फोटो वाटायची हौस असेल तर मात्र जरूर घ्या.

गोव्यात मी इन्स्टॅक्सच सांगेन. पोलरॉइडच्या फिल्मला १३ ते २८ अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्यावर पिवळट-तांबूस झाक येते. इन्स्टॅक्स ४० अंशांपर्यंत चालते. इन्स्टॅक्सच्या ‘मिनी’ या लहान प्रकाराचा फोटो जेमतेम ६२ बाय ४६ मिलिमीटर, दोघा-तिघांना पुरतो. घोळका असेल तर रुंद फोटोचा ‘वाईड’ घ्या.

फिल्मची पाकिटं फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि वापरायच्या आधी तासभर बाहेर काढा. नाहीतर आपल्या दमट हवेत पाकिटावर घाम धरतो. मोपा किंवा दाबोळीवरून विमानाने जाणार असाल तर फिल्म चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. जवळ ठेवा आणि एक्स-रेतून न घालता हाताने तपासायची विनंती करा.