संनियंत्रण नव्हे, जागल

सांगलीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ते एका पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळतात. डेटाबेस सर्व्हरवर लक्ष ठेवणारं टूल नुकतंच बसवलंय, त्याचं मराठी सूचनापत्रक लिहिताना ते 'मॉनिटरिंग'पाशी अडलेत. 'संनियंत्रण' लिहू की 'देखरेख'? आणि टूल 'डाऊन' दाखवतं तिथे काय लिहू?

'संनियंत्रण' अजिबात लिहू नका. सरकारी कागदांतून हा शब्द सगळीकडे पसरलाय आणि दर वेळी तो ऐकून डोकं तापतं. त्याच्या पोटात 'नियंत्रण' बसलंय, आणि मॉनिटरिंगमध्ये नेमकं तेच नसतं. लॅटिन 'मोनेरे' म्हणजे सावध करणं. मॉनिटर म्हणजे सावध करणारा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणी मोजायची पट्टी 40 फुटांना इशारा सांगते, 45 ला धोका. ती पाणी अडवत नाही. अडवायचे-सोडायचे दरवाजे तिकडे पाटण तालुक्यात, कोयनेवर. 'सं' लावल्याने नियंत्रणाचा अर्थ सौम्य होतो, असं एका परिभाषावाल्यांनी मला ऐकवलं होतं. ताप आणि संताप शेजारी ठेवून पाहा. 'सं'ने अर्थ गच्च होतो, सैल होत नाही.

शब्द चुकला की कामही चुकतं. साताऱ्यातल्या एका कार्यालयात मी हे पाहिलंय. टूलसाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये खातं काढायचं होतं. कागदावर 'संनियंत्रण प्रणाली' असं भारदस्त नाव. नियंत्रण करायचंय तर अधिकार हवेतच, म्हणून तिथल्या मुलाने तिला थेट सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, करून टाकलं. पासवर्ड साध्या फाइलीत, कुणीही उघडून वाचावा असा. राखणदाराच्या कमरेला तिजोरीच्या किल्ल्या! पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, याच कामासाठी 'पीजी_मॉनिटर' ही तयार भूमिका, म्हणजे ठरावीक अधिकारांचा संच, आहे. ती दिलेल्या खात्याला कुणाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, किती वेळ चाललीय ते दिसतं. पण दुसऱ्याची अडकलेली क्वेरी मारायची तर 'पीजी_सिग्नल_बॅकएंड' ही निराळी भूमिका लागते. पाहणं वेगळं, हात घालणं वेगळं. हा भेद प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी पाळला, आणि परिभाषा करणाऱ्यांनी मात्र पुसून टाकला.

'देखरेख' चालेल, पण देखरेख करणारा मुकादम कामही करून घेतो. 'पाळत' चोरावर ठेवतात.

मला हवाय तो शब्द आपल्याच रानातला आहे: जागल. माण-खटावकडे ज्वारी कणसावर आली की रात्री जागलीला जातात. माळ्यावर घोंगडं पांघरून बसायचं, रानडुकरांचा खसफस आवाज आला की हाळी द्यायची. खळ्यावर रास पडली की तिथेही जागल. गावाची राखण करणारा तो जागल्या. सर्व्हरवरचं टूल दुसरं काय करतं? जागं राहतं, डिस्क नव्वद टक्के भरली की हाळी देतं. 'अलर्ट'ला 'हाळी' लिहा, जत-तासगावच्या माणसाला फोड करून सांगावी लागणार नाही.

आणि या शब्दाचं कूळ! जागल 'जागणे'वरून, ते संस्कृत 'जागृ'वरून. 'जागार', म्हणजे 'तो जागा आहे', हे रूप ऋग्वेदात येतं. ग्रीकमध्ये त्याचंच भावंड 'एग्रेगोरा', 'मी जागा आहे'. दोन्हीकडे एकच मूळ धातू, दोन्हीकडे त्याचं द्वित्व, म्हणजे धातूचा पहिला भाग दोनदा. त्या ग्रीक रूपावरून 'ग्रेगोरिओस', म्हणजे जागा राहणारा, आणि त्यावरून ग्रेगरी हे नाव. तेराव्या ग्रेगरी पोपने 1582 मध्ये कालगणना सुधारली, ती आपलं रोजचं ग्रेगोरियन कॅलेंडर. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, तारीख पडते ती याच कॅलेंडरची. म्हणजे माणच्या माळ्यावरची जागल आणि लॉगमधल्या तारखेमागचा ग्रेगरी एकाच घरचे. हे पहिल्यांदा ध्यानात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

'जागल' गावंढळ वाटतो म्हणणाऱ्यांनी 'लॉग' म्हणजे मुळात काय ते पाहावं. लाकडाचा तुकडा! जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधून तो समुद्रात टाकत, आणि मोजलेला आकडा ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. इंग्रजीला ओंडक्याची लाज वाटली नाही, मग आपल्याला जागलीची का वाटावी?

आता 'डाऊन'. तुमचं टूल प्रोमिथियस (आकडे गोळा करणारा) आणि पोस्टग्रेस एक्सपोर्टर (डेटाबेसचे आकडे त्याला पुरवणारा) या जोडीचं असेल, तर तिथे दोन निरनिराळे आकडे असतात. 'अप' शून्य झाला तर प्रोमिथियसला एक्सपोर्टरच सापडत नाहीये: तो बंद पडलाय किंवा 9187 हा पोर्ट, म्हणजे त्याच्याशी बोलायचं दार, अडलाय. तिथे 'जागल बंद' लिहा. 'अप' एक आणि 'पीजी_अप' शून्य असेल, तर जागल्या जागा आहे पण त्याला रान दिसत नाही. तिथे 'डेटाबेस दिसत नाही' लिहा. 'डेटाबेस बंद' लिहायची घाई नको. आदल्या दिवशी कुणी पासवर्ड बदलला असेल, तर डेटाबेस आत व्यवस्थित चालू असतो आणि जागल्या जुना पासवर्ड घेऊन दाराबाहेर उभा असतो.